दोन कार्डं, एकच आकडा

१

नवं कार्ड हरलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते बरोबरीत सुटलं, आणि घोटाळा तिथंच सुरू झाला.

दसऱ्यानंतरचा रविवार होता. बेळगावच्या शहापुरात नागेंद्रच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पोरं दाटीवाटीनं उभी होती. मधल्या टेबलावर एक कॉम्प्युटर उघडून ठेवलेला आणि त्याच्यापुढं दोन ग्राफिक्स कार्डं. एक साईराजचं स्वतःचं, सहा वर्षांचं जुनं. दुसरं नवं कोरं, नागेंद्रनं दिवाळीला उघडायच्या गेमिंग सेंटरसाठी नमुना म्हणून मागवलेलं. दोन्ही एकाच कंपनीची. काळं कव्हर, दोन पंखे. लांबून बघितलं तर जुळी भावंडं वाटावीत. एकाच खेळावर दोघांची तुलना करून दाखवायची, पोरांना नव्याची चटक लावायची, आणि मग सेंटरची नोंदणी सुरू करायची, असा बेत होता.

मला त्यातलं काही कळत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. साईराजच्या वडिलांच्या लूमच्या शेडवर एक खोली आहे, तिथं भाड्यानं राहतो. "सर, तुम्ही पुढं बसायचं," असं साईराज म्हणाला म्हणून आलो आणि पुढं बसलो. आदल्या दिवशी त्यानं मला समजावलं होतं, "सर, धोटा जितका जोरात पळंल तितकं कापड. तसं कार्ड एका सेकंदाला जितकी चित्रं काढंल तितका खेळ गुळगुळीत. आणि नवं कार्ड लई चलाख हाय. दोन खऱ्या चित्रांच्या मधी एक आपल्या अंदाजानं काढून घुसवतंय. बघणाऱ्याला कळत बी न्हाय."

जुन्या कार्डावर खेळ सुरू झाला. एक जळतं शहर, त्यातून धावणारा शिपाई. कोपऱ्यात आकडा पंचेचाळीसच्या आसपास हलत होता. मग साईराजनं जुनं काढून नवं बसवलं. तेच शहर, तोच शिपाई.

आकडा पंचेचाळीस.

मागं कुणीतरी हसलं. कार्डाचे पंखे जोरात फिरू लागले, गरम हवेचा झोत थेट माझ्या तोंडावर आला आणि मला शिंका सुरू झाल्या. थांबेचनात.

"सरांना नवं कार्ड सोसंना!" ओमकार ओरडला. हा साईराजचा मित्र, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला.

"धूळ असेल," मी पुटपुटलो. पण आयुष्य पुस्तकांच्या धुळीत गेलं माझं. धुळीनं मला कधी शिंक येत नाही.

साईराज हसला नाही. त्यानं खेळाची सेटिंग उघडली. अंदाजानं चित्र घुसवायचा पर्याय तिथं नव्हताच. मग त्यानं कार्डाचं नाव पडद्यावर आणलं, आणि त्याचा हात माऊसवरच राहिला.

"नागेंद्र अण्णा, हे नवं न्हाय. माझ्या कार्डासारखंच हाय. सहा वर्षं जुनं."

नागेंद्रनं आधी पडद्याकडं बघितलं, मग गर्दीकडं, मग साईराजकडं.

"काल रात्री हा डबा कोणाच्या घरात होता रे?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

२

डबा साईराजच्या घरी होता. शनिवारी संध्याकाळी नागेंद्रनंच तो त्याला दिला होता, जाहिरातीचा व्हिडिओ करायला.

सोमवारी सकाळी साईराजची आई, जयाबाई, वर माझ्या खोलीत आली. खाली एकच लूम चालू होता. पूर्वी चार होते.

"सर, तुमी एवढी चोरापोलिसांची पुस्तकं वाचलासा. जरा बघा की."

"अहो, पुस्तकात सगळं लेखकाला आधीच माहीत असतं."

"माझं पोरगं चोर न्हाय, एवढं तर मला बी आधीच माहीत हाय," ती म्हणाली. मग दारातच खाली बसली. "नागेंद्र म्हणतोय, कार्ड आणून दे, न्हायतर सेंटरचं काम इसर. ह्याचे आप्पा म्हणत्यात, चल उद्यमबागेत. तिथं ठेकेदार उभाच हाय. सर, त्याच्या छातीला तिथली हवा झेपत न्हाय. बारका असताना किती येळा दवाखान्यात नेलंय, तुमी बघितलासा की."

बघितलं होतं. म्हणून नाही म्हणता आलं नाही.

दुपारी मी अंथरुणावर पडून विचार केला. डब्याला हात लावणारी माणसं चारच. नागेंद्र. त्याच्याकडं दुरुस्तीचं काम करणारी रचना. ती मूळची निपाणीची, इथं खोली घेऊन राहायची, खंडेनवमीची पूजा आटोपून गावी गेली ती आई आजारी म्हणून अजून परतली नव्हती. साईराज. आणि शनिवारी त्याच्या घरी व्हिडिओ काढायला बसलेला ओमकार.

चौघांनाही मी ओळखत होतो, आणि चौघांपैकी एकही चोर वाटत नव्हता. पण मला माणसं कधीच नीट वाचता आलेली नाहीत.

३

"या सर, बसा री," नागेंद्र आपल्या कानडी ढंगात म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दुखावलेला होता. "भर गर्दीत नाक कापलं बघा माझं. त्या पोराला मी धाकट्या भावासारखं धरलं होतं."

"कंपनीकडूनच जुनं आलं असेल तर?"

"अय्यो, कसं येईल? खंडेनवमीच्या सकाळी मी आणि रचनानं डबा फोडला. लावून बघितलं. नव्वदच्या वर आकडा होता. मग पूजेला ठेवलं."

दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर अजून पूजेच्या खुणा होत्या. प्रिंटरवर, टेबलफॅनवर, बाहेरच्या मोटरसायकलवरसुद्धा तीन बोटांनी ओढलेले विभूतीचे पांढरे पट्टे आणि मध्ये कुंकू.

"हे सगळं तुम्हीच लावलं?"

"मीच. आमच्या घरची रीत आहे. आणि एकदा पूजेला बसवलं, की दसरा होईपर्यंत यंत्राला हात नाही. कपाट बंद."

मी ते कार्ड बघायला मागितलं. त्यानं डबा पुढं सरकवला. कार्डाच्या बाजूच्या पत्र्यावर हळद होती, कुंकू होतं. मी ते उलटंपालटं केलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नागेंद्र, ह्याच्यावर विभूती नाही."

तो वाकला. बराच वेळ त्यानं बघितलं.

"हळद," तो हळूच म्हणाला. "आम्ही यंत्राला हळद नाही लावत, सर. हे दुसऱ्या घरात पुजलेलं आहे." मग तो सरळ झाला. "हळद-कुंकू तर लूमवाले लावतात. साईराजची आई लावते. खरं की नाही?"

मी पोराला सोडवायला आलो होतो. त्याच्या गळ्यातली दोरी मीच जरा आवळून दिली होती.

४

खाली शेडमध्ये साईराज लूमजवळ बसला होता. ओमकार कामावरून तसाच आलेला, कोपरापर्यंत काळा.

"साईराज, मला खरं सांग," मी म्हणालो. एवढं बोलायलाही मला शेडच्या दारात दोनदा थांबावं लागलं होतं.

"सर, तुम्ही बी?"

"मी नुसतं विचारतोय."

त्यानं उठून आपलं जुनं कार्ड आणलं, स्क्रू काढले आणि कव्हर बाजूला केलं. आत ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या होत्या, आणि पात्यांच्या फटीफटीत रेशीम बसलेलं. लाल, हिरवं, जांभळं.

"आमच्या घरातलं कायबी उघडा, सर, साडी निघती," तो म्हणाला.

"माझ्या कार्डात लोखंड निघतंय," ओमकार म्हणाला. "अंगावरनंच घरात येतंय. चुंबक धरला की दाढी फुटती त्याला."

"तुझ्या डोस्क्यात बी तेच हाय."

दोघं क्षणभर हसले. मी हसलो नाही, कारण मला रविवारची ती गरम हवा आठवली होती.

प्रत्येक कार्ड आपल्या घरची हवा ओढतं. मग नव्याच्या डब्यात सापडलेल्या त्या जुन्या कार्डानं कुठली हवा ओढली होती?

मी पुन्हा नागेंद्रच्या दुकानात गेलो. कार्ड मागून घेतलं आणि, लाज बाजूला ठेवून, पात्यांना नाक लावलं. रविवारसारख्याच शिंका. डोळ्यांतून पाणी आलं. मग पत्र्यावरचं कुंकू उजेडात धरलं. ते ताजं नव्हतं. निदान वर्षापूर्वीचं, सुकून काळपट पडलेलं, आणि ओलं असताना त्यात तपकिरी भुकटीचे कण रुतून बसलेले.

"सर, तपकीर ओढता काय?" नागेंद्रनं विचारलं.

नाही. पण ग्रंथालयात एक तपकीर ओढणारे गृहस्थ यायचे. ते समोर बसले की माझी हीच अवस्था व्हायची. तंबाखू. शहापुरातल्या लूमच्या घरात ती कार्डाच्या पोटात जाऊन बसत नाही. फाउंड्रीतून येत नाही. नागेंद्रच्या एसी दुकानात तर नाहीच. ती बसते जिथं दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात तिथं.

रचनानं एकदा मला चहा देताना सांगितलं होतं, "सर, माझ्या कपड्यांना वास येतोय काय? आई विड्या वळती."

मी कार्ड खाली ठेवलं. तोंडापर्यंत आलेलं नाव गिळलं आणि "सर्दी झालीय," असं म्हणून बाहेर पडलो.

५

नागेंद्रला सांगायच्या आधी मी साईराजला सांगितलं. तेव्हा ते मला माणुसकीचं वाटलं.

त्याचा चेहरा बघून कळलं, की हे नाव त्याच्यासाठी नुसतं दुकानातल्या मुलीचं नाव नव्हतं. म्हटलं ना, मला माणसं वाचता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही निपाणीची बस धरली. घर हायवेपासून आत होतं. सोप्यात रचनाची आई, जयवंता, पानांची चळत आणि तंबाखूचं सूप घेऊन बसली होती. आजारी दिसत नव्हती. आम्हाला बघून रचना आतून आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"गेलं ते," ती म्हणाली. विचारायच्या आधीच.

आतल्या फळीवर नवं कार्ड होतं. त्याच्या कव्हरावर विभूतीचे तीन पट्टे जसेच्या तसे.

तिनं सगळं सरळ सांगितलं. पुण्याच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीनं तिला नोकरीसाठी परीक्षेचं काम दिलं होतं. एक रस्ता, पाऊस, दिवे, असं सगळं उभं करून दसऱ्यानंतरच्या शुक्रवारपर्यंत पाठवायचं. तिच्या जुन्या कार्डावर ते चित्र हलतच नव्हतं. कार्ड तिनं पिशवीतनं बेळगावला आणलं होतं, दुकानात काही जमतंय का बघायला. खंडेनवमीच्या संध्याकाळी कपाट बंद करताना तिला सुचलं: दसरा होईपर्यंत ह्याला कुणी हात लावणार नाही, आणि नंतरही ते थेट रविवारीच लागणार. जुनं आत, नवं पिशवीत. शनिवारी परत आणून बदलायचं.

"शुक्रवारी दुपारी वायरमन खांबावर चढलावता," ती म्हणाली. "करंट आला तो एकदम डबल. कार्ड गेलं, डिस्क गेली, रस्ता बी गेला. लई चांगला झालावता, सर. ओल्या रस्त्यावर दिवे दिसायचे."

"पुजलेल्या यंत्राला हात लावला म्हणून झालं," जयवंता सुपातून मान वर न करता म्हणाली. "मी सांगितलंवतं."

"मला वाटलं, समदे कंपनीवर ढकलतील. डबा तुझ्या घरी येतोय हे मला ठावं नव्हतं रं," रचना साईराजला म्हणाली.

"तुझ्या कार्डावरचं कुंकू तेवढं पुसायचं होतंस," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. "मग मी तंबाखू शोधायला गेलो नसतो."

"ते आईनं लावलेलं हाय." तिला माझं बोलणंच समजलं नसावं. "पुसतील व्हय कधी? आणि विभूती अण्णांनी लावलेली. ती तरी कशी पुसू?"

साईराजनं घसा साफ केला. "मी सांगतो अण्णांना, मीच केलं म्हणून."

"गप बस. मी सांगणार."

"तुझ्या पगारावर घर हाय हे. माझं काय, आप्पांचा लूम हाय."

"किती उरलेत लूम?"

त्या वेळी काही बोलायला हवं होतं ते मी. दोघांना गप्प करून, हाताला धरून, एकत्र नागेंद्रपुढं उभं करायला हवं होतं. मी सुपातल्या तंबाखूकडं बघत रुमाल शोधत राहिलो.

बसमध्ये मी म्हणालो, "साईराज, तू खोटं बोलू नकोस. मी नागेंद्रला नीट समजावतो."

"व्हय सर," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

६

सकाळी मी दुकानात पोचलो तेव्हा साईराज माझ्या आधी येऊन उभा होता. बोलून झालं होतं. नागेंद्र खुर्चीत मागं रेलून बसला होता. रागाचा मागमूस नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"सर, आत्ता ह्यानं कबूल केलं," तो म्हणाला. "म्हणतो, एकट्यानं केलं. आणि सकाळी रचनाचा फोन आला होता. तीही म्हणते, एकटीनं केलं."

साईराजनं डोळे मिटले.

"म्हणजे काय, दोघांनी मिळून. ही आत होती, हा बाहेर होता."

"नाही नाही, नागेंद्र, ऐका," मी म्हणालो. मनात सगळं ओळीनं लावून ठेवलं होतं. रेशीम, लोखंड, तंबाखू. विभूती आणि हळद. वर्षापूर्वीचं कुंकू. पण नागेंद्र शांतपणे बघत होता, दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि माझी जीभ नेहमीसारखी अडखळली. मी आधी धूळ सांगितली, मग कुंकू, मग पुन्हा धूळ. निपाणीला जाऊन आलो हे मधेच निसटलं.

"तुम्ही ह्याला घेऊन तिच्या घरी गेला होता? काल?"

"हो, पण…"

"मग तिथंच ठरलं असेल, कोण काय बोलायचं." तो उठला. "बेडा सर, बेडा. नको आता, पुरे झालं. धूळ काय, सगळीकडं असते. एकानंच कबूल केलं असतं ना, तर मी ऐकलं असतं. तिचा फोन ठेवला तेव्हा ह्याला पुन्हा बोलवायचं असंच ठरवलं होतं मी."

त्यानं ते जुनं कार्ड डब्यातून काढलं आणि साईराजच्या हातात दिलं. "तुमचा माल घेऊन जा."

मी जे जोडलं होतं ते खरं होतं. पण नागेंद्रपुढं दोन कबुल्या होत्या. मधलं चित्र त्यानं आपल्या अंदाजानं काढून घुसवलं, आणि बघणाऱ्या कुणालाच फरक कळला नाही. ते चित्र काढायला जागा मीच करून दिली होती.

रचनाची नोकरी गेली. ती आता आईशेजारी सूप घेऊन बसते, असं ओमकारनं सांगितलं. साईराजचा फोन ती घेत नाही. दिवाळीला सेंटर उघडलं, तिथं हुबळीचा कुणी मुलगा बसतो. साईराज ओमकारबरोबर सकाळच्या बसनं उद्यमबागेला जातो. पावसाळ्यात त्याचा खोकला जिन्यातून वर ऐकू येऊ लागला. स्वतःचा कॉम्प्युटर त्यानं कार्डासकट विकून टाकला. रचनाचं कार्ड मात्र विकलं नाही. "सर, तुमच्यापाशी ठेवा. कधी आली तर द्या." मी ते पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. त्या बाजूचं पुस्तक काढलं की शिंक येते.

यंदाच्या खंडेनवमीला जयाबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन वर आली. शेवटचा लूम भाद्रपदात भंगारवाल्यानं नेला होता. खाली शेडमध्ये पूजा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं माझ्या खोलीत इकडंतिकडं बघितलं, आणि फळीपाशी थांबली.

"हेच न्हवं ते?"

"हो."

"ह्याच्यावर आधीच हाय की. कुणी लावलं?"

"त्या मुलीच्या आईनं."

मला वाटलं, उचलून खिडकीबाहेर टाकते आता. तिनं बोट ताटात बुडवलं आणि त्या काळपट कुंकवावर, ते न पुसता, नवं कुंकू टेकवलं.

"घरात यंत्र म्हणून एवढंच ऱ्हायलंय," ती म्हणाली. "दसरा होईस्तवर हात लावू नगा, सर."

मी नाही लावला.